ताराचं मधलं नाव

निघायच्या दिवशी सकाळी पप्पांनी माझ्या दोन्ही बॅगा पार्किंगमध्ये शेजारीशेजारी उभ्या करून ठेवल्या होत्या. आदल्या दिवशी त्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटने माझं नाव घातलं होतं. दोन-दोन इंचांची इंग्रजी अक्षरं, एकही रेघ वाकडी नाही. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म हेच काम केलं, स्टेन्सिल लावून विमानांच्या अंगावर आकडे आणि अक्षरं मारायची. आता पोरगी आयर्लंडला निघाल्यावर तिच्या बॅगेवर स्केचपेनने नाव खरडणं त्यांना शोभलं नसतं.

नाशिकला म्हसरूळच्या आमच्या सोसायटीतल्या झाडून सगळ्या काकू खाली आल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या सोनवणे काकूंनी वाकून बॅग वाचली, "वैशाली किरण गांगुर्डे," आणि विचारलं, "हे किरण कोण गं?" काकू आमच्या डोक्यावर बारा वर्षं राहत होत्या. मी तोंड उघडायच्या आत पप्पाच म्हणाले, "कागदावरचा माणूस हे तो. घरी कधी येत नाय." सगळे हसले. मीही हसले. गाडी दिंडोरी रोडला लागली तरी मी हसरं तोंड करूनच बसले होते, कारण ते उतरवलं असतं तर आईला वाटलं असतं मी निरोपासाठी रडतेय.

आता सांगते किरण कोण ते. आपल्या वर्गातल्या तुमच्यातले जे नाशिकलाच राहिले आणि जे माझ्यासारखे गेले, त्यातल्या काहींना आठवतही असेल. माझ्या वडिलांचं नाव कचरू. शाळेच्या हजेरीपटावर मी वैशाली कचरू गांगुर्डे होते. आपल्याकडे मुलीचं पहिलं नाव निवडतात. आत्या येते, कानात कुर्रर्र करते, चार जणांचे रुसवे-फुगवे होतात. मधलं नाव कुणी निवडत नाही. ते बापाचं असतं, पुढे नवऱ्याचं होतं, आणि नाकासारखं ते जे असेल ते असतं. माझ्या वाट्याला कचरू आलं होतं.

आमच्या वर्गाच्या खिडकीखालून रोज सकाळी कचऱ्याची घंटागाडी जायची. घंटा वाजली की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "वैशाली, पप्पा आले बघ." पाचवीपासून नववीपर्यंत पाच वर्षं हा एकच विनोद चालला. विनोद करणाऱ्यांना कधी त्याचा कंटाळा आला नाही याचं मला अजून नवल वाटतं. तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर माझा आता राग नाही. तेव्हा होता, पण तो मी तुमच्यावर काढला नाही. ज्यांच्यावर काढू नये त्यांच्यावर काढला.

नववीच्या सुट्टीत मी पप्पांना सांगितलं की दहावीच्या बोर्डाच्या सर्टिफिकेटवर हे नाव आलं तर ते जन्मभर राहील. एक तर नाव बदला, नाहीतर मी परीक्षेला बसत नाही. दोन दिवस जेवले नाही. आई म्हणाली, "अगं, बापाचं नाव आहे ते, पडदा आहे का बदलायला?"  पंधरा दिवसांनी पप्पांनी रजा टाकली, प्रतिज्ञापत्र केलं, सरकारी गॅझेटसाठी अर्ज दिला. काही महिन्यांनी छापील पान आलं. एका बाजूला जुनं नाव, दुसऱ्या बाजूला नवं. कचरूचा किरण झाला. "क वरूनच घेतलं," ते म्हणाले, "सही बदलायला नको." बस, एवढंच. मी पेढा खाल्ला आणि दहावीच्या अभ्यासाला लागले.

गावच्या आजीला हे कळायला वर्ष लागलं. दिंडोरीकडच्या आमच्या गावाहून ती एसटीने आली, पाणीसुद्धा न घेता खुर्चीत बसली आणि मला समोर बसवलं. तिच्या तोंडून ती गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा सगळी ऐकली. "चार झाली, चारी गेली," ती म्हणाली. "पाचवा ह्यो झाला तवा सुईणीनं उचलला अन उकिरड्यावर नेऊन ठेवला. शेजारीण मागून आली. कुणी टाकलं गं हे पोर, म्हणून तिनं उचलला. मी सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून इकत घेतला. मंग कोण येतंय न्यायला? कचरा कुणी नेतं व्हय?" आजीच्या काळी घंटागाडी नव्हती. मी तिला तसं म्हटलं नाही, पण माझ्या मनात ते आलं, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचं मन किती तिखट असतं ते तुम्हाला माहीत आहे. आजी जाईपर्यंत पप्पांना कचरूच म्हणत राहिली. कारखान्यात ते कचरूभाऊच होते, गावात कचरूच. आई त्यांना "अहो" म्हणायची. किरण या नावाने त्यांना कुणी म्हणजे कुणी हाक मारली नाही. ते नाव फक्त माझ्या कागदांवर राहिलं.

तर या किरणला घेऊन मी आयर्लंडमधल्या कॉर्कला आले. औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची तपासणी करायची, सातपूरला करत होते तेच काम, फक्त इथे हातमोजे बदलायला कुणी कुरकुर करत नाही. पहिले सहा महिने मी जे वेडेचाळे केले ते सगळे सांगत नाही, एक सांगते. इथे कचऱ्याची गाडी मुकाट येते आणि मुकाट जाते. डबा आदल्या दिवशीच बाहेर काढून ठेवायचा असतो. मी तीन आठवडे घंटेची वाट बघत कचरा घरात साठवला. शेवटी घरमालकीण नाकाला रुमाल लावून विचारायला आली. त्या दिवशी मला म्हसरूळची इतकी आठवण आली की मी जिन्यात बसून रडले, तेही त्या घंटेसाठी.

कारखान्यात माझ्या नावाचं मात्र कौतुक झालं. किअरन नावाचे पुरुष इथे पैशाला पासरी, त्यामुळे माझ्या ओळखपत्रावरचं किरण बघून मॉरीन म्हणाली, "तुझ्यात आमचं काहीतरी आहे." मॉरीन माझ्याच टेबलावर काम करते, निवृत्तीला आलेली बाई. मी तिला म्हटलं, हे माझ्या वडिलांचं नाव. तिला वाटलं मी त्यांच्या आठवणीसाठी हौसेने घेतलं असेल. मी तिचा समज तसाच राहू दिला.

दोन वर्षांनी समीरशी लग्न झालं. तो शेवाळे, सटाण्याचा, कॉर्कमध्येच संगणकाचं काम करणारा. लग्न नाशिकला झालं. त्यानंतर दोनदा माझं पोट राहिलं आणि दोनदा रिकामं झालं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. आई फोनवर म्हणायची, "येऊ का मी?" आणि मी म्हणायचे, "कशाला, सगळं नीट आहे." परदेशी गेलेल्या पोरींना हे वाक्य कोण शिकवतं देव जाणे, सगळ्यांना पाठ असतं.

तिसऱ्या वेळी मुलगी झाली. अकरा आठवडे आधी. किलोच्या थोडी वर, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि पेटीवर माझ्या आडनावाची चिठ्ठी लावली, बेबी गांगुर्डे. समीरने आणि मी नाव आधीच ठरवलं होतं, तारा. इथे चालतं, तिथे चालतं, कुणाला स्पेलिंग सांगावं लागत नाही. त्याच दिवशी आम्ही फोटो पाठवला. पप्पांनी सोसायटीत पेढे वाटले आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांनी फोनच्या स्टेटसला "तारा" लावली.

पाचव्या दिवशी तिला जंतुसंसर्ग झाला.

मी एम.एस्सी. आहे. रोज औषधं मोजते. तिला कोणतं अँटिबायोटिक किती दिलं जातंय ते मला डॉक्टरांइतकंच कळत होतं. तरी त्या पेटीशेजारी बसून मी दुसरंच मोजत होते. गोड नाव ठेवलं, ते सगळ्यांना सांगितलं, पेढे वाटले, फोटो लावले. आजीने जे जे करायचं टाळलं होतं ते ते मी पहिल्याच दिवशी करून मोकळी झाले होते. चार मुलं मातीत गेलेल्या बाईने पाचव्याला उकिरड्यावर कसं ठेवलं असेल, हा प्रश्न मला पंधराव्या वर्षी पडला नव्हता. तो आता पडला आणि सुटलाही. तिच्याकडे अँटिबायोटिक नव्हतं. नाव तेवढं होतं.

जन्मनोंदणीचं माहितीपत्रक दवाखान्यातच मिळालं होतं. नोंदणीला तीन महिन्यांची मुदत, पहिलं नाव, मधे हवं असेल तर आणखी एक, मग आडनाव. मॉरीन भेटायला आली तेव्हा तिने माझा जीव रमावा म्हणून मधल्या नावांची यादीच काढली. तारा रोज, तारा मे, तारा ग्रेस. "पहिलं नाव म्हणताना दोन ठोके पडतात, पुढे एक ठोका छान लागेल," ती म्हणाली. म्हणजे इथले लोक मधलं नाव निवडतात, पहिल्याला शोभेल असं, साडीवर ब्लाऊज बघतात तसं. समीर म्हणाला, "पद्धतीप्रमाणे माझं येईल. पण आडनाव माझं आहेच. मधलं तू ठरव." तो भला माणूस आहे. त्याला कल्पना नव्हती की माझ्या डोक्यात कोणतं नाव आहे.

दुपारी मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमधून फोन लावला. नाशिकला संध्याकाळ झाली होती, मागे टीव्हीवर बातम्या चालू होत्या. मी विचारलं, "पप्पा, तिचं मधलं नाव कचरू ठेवू?"

टीव्ही बंद झाला.

"कशाला?" ते म्हणाले.

"जगायला." आणि मला रडू फुटलं. मी एवढंच म्हणाले, की तुमचं नाव मीच घालवलं, आता तेच मागतेय.

पप्पांनी मला रडू दिलं. मग कारखान्यात नव्या माणसाला काम समजावून सांगताना त्यांचा जो आवाज लागायचा, त्या आवाजात म्हणाले, "हे बघ. त्या कामाला रीत हे. नुसतं नाव ठेवून भागत नाय. आईनं ठेवलेलं तर मुळीच नाय. परक्या बाईनं पोर उचलावं लागतं, आपण तिला काहीतरी देऊन ते परत घ्यायचं. तुझ्याकडं परकं कोण हे?"

"इथे सगळेच परके आहेत, पप्पा."

"मंग सोपं हे," ते म्हणाले.

ईफा नावाची एक नर्स होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. रोज दुपारी ती ताराला नळ्यांसकट पेटीतून उचलून माझ्या उघड्या छातीवर ठेवायची. त्या दिवशी तिने उचललं तेव्हा मी म्हटलं, "एक मिनिट थांब." पर्समध्ये आईने पार्सलमधून पाठवलेल्या नाशिकच्या चिवड्याचं पाकीट होतं. दुपारी भूक लागली तर म्हणून ठेवलेलं, तीन दिवस तसंच पडलं होतं. मी ते शेजारच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "हे तुला. आणि ही आता मला." ईफा हसली. म्हणाली, "अगं, ही तुझीच तर आहे." तिला वाटलं मी आभार मानतेय. संध्याकाळी सगळ्या नर्सांनी मिळून तो चिवडा खाल्ला, दोघी तिखटाने लाल झाल्या, आणि एकीने चिवड्याचं नाव लिहून घेतलं.

चिवड्याने संसर्ग गेला असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर माझी डिग्री परत घ्यायला हवी. औषध चालूच होतं आणि सातव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट सुधारला. पण चिवडा दिला त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले, आणि समीरला सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आमच्या सटाण्यात विकत घेतलेल्या पोराचं नाक टोचतात. तेवढं आपण सोडून देऊ."

तारा सात आठवड्यांनी घरी आली. आणखी महिन्याने नोंदणीची मुदत संपत आली, म्हणून मी पुन्हा फोन केला. सांगितलं की मी फॉर्मवर कचरू लिहितेय, इथे त्याचा अर्थ कुणाला कळत नाही, तिला कुणी चिडवणार नाही.

"नको," पप्पा म्हणाले. "व्यवहार झालाय ना? पोर इकत घेतली ना? मंग आता नाव लावायचं काम नाय. अन ते नाव माझ्यासाठी ठेवलेलं. मी ते पुरतं वापरलं. सत्तरीला आलो ना त्याच्यावर."

मी विचारलं, "तुम्हाला राग आला होता का हो तेव्हा? गॅझेटच्या वेळी?"

"आला ना. का नाय येणार? आठ दिवस लय राग होता." आणि ते सांगू लागले, "मंग कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बसलो नाव शोधत. एक भंगारातला पत्रा घेतला अन स्टेन्सिलनं तुझं नाव मारलं. वैशाली, मधी जागा, मंग गांगुर्डे. त्या जागेत एकेक मारून बघितलं. कैलास मारलं, कमलाकर मारलं, कुंदन मारलं. वैशालीच्या पुढं कुठलं बसतं ते लांबून बघायचं, नाय आवडलं तर पुसायचं. चार-पाच दिवस चाललं ते. पोरं म्हणायची, कचरूभाऊ, कुणाच्या विमानाचं काम हे? किरण मारलं अन ते बसलं. तुझ्या नावाला शोभलं म्हणून घेतलं मी. मला शोभतंय का ते नाय बघितलं."

मी ओट्याला टेकून उभी होते. वीस वर्षं मी समजत होते की पप्पांनी सही सोपी पडावी म्हणून समोर आलं ते नाव उचललं. मधलं नाव आपल्याकडे कुणी निवडत नाही, असं मी वर तुम्हालाही मोठ्या तोऱ्याने सांगितलं. माझं निवडलेलं होतं. आपलं स्वतःचं नाव बाजूला ठेवून एका माणसाने ते पत्र्यावर मारून, पुसून, लांबून बघून निवडलं होतं.

"किरण लाव तिला," पप्पा म्हणाले. "ते तसंच कोरं पडलंय. मला त्या नावानं कुणी बोलावलं नाय. तिला तरी बोलावतील."

तारा किरण शेवाळे. मॉरीनने ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं आणि एक ठोका जास्त आहे, पण शोभतं, असा निर्वाळा दिला. नोंदणी करणाऱ्या बाईने स्पेलिंग विचारलं नाही.

या गोष्टीला आता साडेतीन वर्षं झाली. नाशिकला दोनदा जाऊन आले. दिंडोरी रोडला आता मला रस्ता ओलांडायला कुणाचा तरी हात लागतो, आमच्या मागच्या द्राक्षबागेच्या जागी दोन टॉवर उभे राहिलेत आणि सोनवणे काकू मुलाकडे पुण्याला गेल्या. घंटागाडीवर घंटेऐवजी गाणं लागतं. पुष्कळ वर्षं मी लोकांना सांगायचे की कॉर्क हा माझा पत्ता आणि नाशिक हे घर. ते म्हणताना बरं वाटायचं. पण सुट्टीत म्हसरूळला चौथ्या दिवशी मला कॉर्कचं अंथरूण आठवतं आणि कॉर्कला परतल्यावर चौथ्या दिवशी भाजीत मसाला कमी पडतो, तेव्हा ते वाक्य मी सोडून दिलंय. तुमच्यापैकी जे गेलेत त्यांना हे माहीत आहे, आणि जे राहिलेत त्यांना वाटतं आम्ही नखरे करतो. माझं घर आता कुठल्याच एका गावात मावत नाही, आणि त्याचं मला पूर्वीइतकं दुःखही होत नाही.

गेल्या रविवारचंच सांगते. दुपारी आई-पप्पांचा फोन चालू होता, टॅब ओट्यावर टेकवून ठेवला होता, आई कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होती आणि मी पोळ्या लाटत होते. इथल्या आया एरवी मुलांना लाडाच्या नावाने बोलावतात, पण पोर ऐकेनासं झालं की सगळं नाव घेऊन ओरडतात. मलाही ती सवय लागली आहे. तारा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर चढून पडद्याला लोंबकळत होती. तीनदा सांगून झालं होतं. मी लाटणं हातात घेऊनच ओरडले, "तारा किरण!"

"ओ," असं टॅबमधून आलं.

मी वळून बघितलं. आई बोलायची थांबली होती. पप्पा चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघत होते, जरा ओशाळल्यासारखे.

"मला वाटलं मला हाक मारली," ते म्हणाले.

"तुम्हालाच मारली, पप्पा," मी म्हणाले.